पर्सिमनचा वास जुळवताना

अत्तराच्या बाटलीवर 'पर्सिमन' (टोमॅटोसारखं दिसणारं गोड नारिंगी फळ) दिसलं म्हणून आत फळाचा अर्क शोधू नकोस. अत्तरातला हा वास बहुतेकदा जुळवलेलाच असतो. गॅमा-डेकालॅक्टोन आणि डॅमास्कोन ही दोन सुगंधी रसायनं: पहिल्याने पीचसारख्या मऊ गराचा वास येतो, दुसऱ्याने मधाळ, पिकलेपणाची झाक. डॅमास्कोन मात्र जपून! 0.1 टक्क्याच्या द्रावणापासून सुरुवात कर, नाहीतर बाकीचं सगळं गिळून टाकेल. इफ्राच्या (सुगंधी द्रव्यांच्या सुरक्षित वापराचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) मर्यादाही आधी बघ.

फळ हाताशी नसेल तर घोलवडचा पिकलेला चिकू हुंग. वास तोच नाही, पण जड गोडव्याचा अंदाज येईल. (आपली टेंभुर्णी पर्सिमनच्याच डायोस्पायरॉस वंशातली, वासाला मात्र उपयोग नाही.)

आणि रत्नागिरीच्या दमट हवेत वास तपासायच्या नुसत्या कागदी पट्टीवर विसंबू नकोस. घामेजल्या मनगटावर ते गॅमा-डेकालॅक्टोन फार गोडमिट्ट वाटलं, तर थोडं बर्गमॉट (लिंबूवर्गीय फळाचं तेल) वाढव.