बोल्डरला निघण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थ्यास,

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील वातावरणशास्त्र विभागात तुला प्रवेश मिळाल्याचे कळले आणि फार बरे वाटले. अभ्यासक्रमाविषयी तू काही विचारलेले नाहीस, विचारले आहेस ते गावाविषयी, आणि मला ते योग्यच वाटते. बोल्डरमध्ये परगावचा विद्यार्थी वर्गात सहसा अडत नाही, तो अडतो घरभाड्यापाशी; आणि तिथले घरभाडे इतके का, हे समजायला आधी तिथला डोंगर समजून घ्यावा लागतो.

पूर्वेकडचे विस्तीर्ण गवताळ मैदान रॉकी पर्वताला जिथे भिडते, नेमके तिथे हे लाखभर वस्तीचे शहर वसले आहे. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १,६५५ मीटर, आणि आपल्या कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्र जिथे संपतो त्या उंचीवर तिथली बाजारपेठ भरते आणि डोंगर त्याच्या वर सुरू होतो. म्हणून पहिले दोन आठवडे भरपूर पाणी पी, दम लागला तर घाबरू नकोस, आणि हवा थंड असली तरी ऊन कडक असते हे विसरू नकोस. गावाच्या पश्चिमेला तांबूस वालुकाश्माच्या प्रचंड शिळा तिरक्या उभ्या दिसतात, त्यांना फ्लॅटआयर्न्स म्हणतात. तो गाळ सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी आडवा साचला होता आणि पुढे रॉकी पर्वत वर उचलला गेला तेव्हा त्याचे थर कलले. विद्यापीठाच्या इमारतीही त्याच परिसरातल्या वालुकाश्माच्या आणि लाल कौलांच्या आहेत, त्यामुळे कॅम्पस कुठे संपतो आणि डोंगर कुठे सुरू होतो हे दुरून चटकन लक्षात येत नाही.

हा डोंगर आज मोकळा दिसतो तो मात्र निसर्गाच्या कृपेने नव्हे, मतपेटीमुळे. १८५९ मध्ये सोने शोधायला आलेल्यांनी वसवलेल्या या गावाला १८७६ मध्ये, म्हणजे कोलोरॅडोला राज्याचा दर्जा मिळाला त्याच वर्षी, विद्यापीठ मिळाले. १८९८ मध्ये टेक्सासच्या शिक्षकांच्या उन्हाळी शिबिरासाठी गावाने डोंगराच्या पायथ्याची, शटॉक्वा नावाने ओळखली जाणारी जागा विकत घेतली आणि तिथून डोंगराची जमीन राखण्याची सवय लागली. खरा पेच दुसऱ्या महायुद्धानंतर आला. वस्ती झपाट्याने वाढू लागली आणि घरे उतारावर चढू लागली. तेव्हा अल् बार्टलेट हे भौतिकशास्त्राचे आणि रॉबर्ट मॅकेल्व्ही हे गणिताचे, असे विद्यापीठातलेच दोन प्राध्यापक पुढे झाले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगरावर बांधकामबंदी मागितली नाही. मागितले एवढेच, की ५,७५० फुटांच्या वर नगरपालिकेने पाणी पुरवू नये. नळ नाही तिथे घर कोण बांधणार? १९५९ मध्ये मतदारांनी हा ठराव मंजूर केला आणि नकाशावरच्या त्या रेषेला ब्लू लाइन हे नाव पडले. इतक्या साध्या कलमाने एवढे मोठे काम झाल्याचे उदाहरण नगररचनेत माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

पुढे १९६७ मध्ये याच मतदारांनी मोकळी जमीन विकत घेण्यासाठी स्वतःवर विक्रीकर लादून घेतला, शंभर डॉलरच्या खरेदीमागे ४० सेंट. त्यातून राखलेली जमीन आज ४५ हजार एकरांहून अधिक आहे. १९७१ मध्ये इमारतींची उंची ५५ फुटांपर्यंत मर्यादित झाली आणि १९७६ मध्ये नव्या घरांच्या वाढीचा वेगही बांधून टाकण्यात आला.

आता याची दुसरी बाजू, जी तुझ्या खिशाशी संबंधित आहे. पश्चिमेला पसरता येत नाही, वर चढता येत नाही, आणि उरलेल्या तिन्ही बाजूंची बरीच जमीन शहरानेच घेऊन ठेवलेली; त्यात दरवर्षी हजारो नवे विद्यार्थी येतात. घरभाडे आभाळाला भिडले नसते तरच नवल. शिवाय २०२३ पर्यंत गावाच्या बहुतेक भागांत नात्यात नसलेल्या तिघांपेक्षा जास्त जणांनी एका घरात राहायला मनाई होती. २०२१ मध्ये ही अट सैल करण्याचा प्रस्ताव मतदारांनी नाकारला आणि शेवटी २०२४ मध्ये राज्यालाच कायदा करून तसली बंधने रद्द करावी लागली. डोंगर वाचवणाऱ्या नागरिकांविषयी मला आदर आहे, पण भाडेकरूला दार उघडताना त्यांचा हात आखडतो हेही खरे आहे. विद्यापीठात आणि हॉटेलांत काम करणारी कितीतरी माणसे लाँगमाँट, लाफायेट, लुईव्हिल अशा आसपासच्या गावांत राहतात आणि रोज ये-जा करतात.

म्हणून खिडकीतून फ्लॅटआयर्न्स दिसावेत हा हट्ट धरू नकोस. कॅम्पसला लागून असलेल्या हिल भागात पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांची गजबज आणि शनिवार-रविवारचा गोंगाट असतो. संशोधन करणाऱ्याला तिथे झोप मिळणे कठीण. त्यापेक्षा ब्रॉडवे या मुख्य रस्त्याने दक्षिणेकडे, टेबल मेसा भागाच्या बाजूला खोली शोध. त्या रस्त्याने स्किप नावाची बस धावते, विद्यार्थ्यांना बसचा पास फीमध्येच मिळतो, आणि बोल्डर क्रीकच्या काठाने सायकलची वाट गावभर जाते. डेन्व्हरला जायला फ्लॅटआयर्न फ्लायर ही बस आहे. पहिल्या वर्षी गाडी घेण्याच्या भानगडीत पडू नकोस.

टेबल मेसा सुचवण्यामागे माझा आणखी एक हेतू आहे. टेबल मेसा रस्त्याच्या शेवटी, पठारावर, राष्ट्रीय वातावरणीय संशोधन केंद्राची मेसा प्रयोगशाळा आहे. आय. एम. पे यांनी १९६० च्या दशकात तिची रचना केली, ती मेसा व्हर्डे येथील आदिवासींच्या कड्यातल्या घरांवरून स्फूर्ती घेऊन. जवळपासच्या दगडाचा चुरा मिसळून केलेल्या काँक्रीटचा पृष्ठभाग नंतर ठोकून खरबरीत केलेला आहे. भिंतीला हात लावून पाहा, त्यातले गुलाबी खडे बोटांना जाणवतात. गंमत अशी की ही जागा ब्लू लाइनच्या वर होती. तेव्हा प्रयोगशाळेला पाणी द्यावे की नाही, यावर १९६१ मध्ये पुन्हा मतदान झाले आणि लोकांनी होकार दिला.

गावात अशा सरकारी प्रयोगशाळा आणखीही आहेत. मानके व तंत्रज्ञान संस्थेतली आण्विक घड्याळे अमेरिकेची अधिकृत वेळ राखतात. याच संस्थेच्या आणि विद्यापीठाच्या ‘जायला’ (JILA) नावाच्या संयुक्त प्रयोगशाळेत १९९५ मध्ये एरिक कॉर्नेल आणि कार्ल वायमन यांनी रुबिडियमचे अणू इतके थंड केले, की सत्येंद्रनाथ बोस आणि आइन्स्टाइन यांनी सत्तर वर्षांपूर्वी कागदावर मांडलेली पदार्थाची अवस्था प्रत्यक्षात आली. दोघांना २००१ चे नोबेल मिळाले. तुझ्या विभागाच्या व्याख्यानांपुरते स्वतःला बांधून घेऊ नकोस. या संस्थांतली अनेक व्याख्याने खुली असतात आणि प्रश्न विचारणाऱ्याकडे तिथे कुणी वाकड्या नजरेने पाहत नाही.

तुझ्या विषयाची खरी शाळा मात्र हवाच आहे. हिवाळ्यात पर्वत ओलांडून उतरणारा चिनूक वारा खाली येताना तापतो, कोरडा होतो आणि कधीकधी ताशी १६० किलोमीटरच्या पुढे जातो. ३० डिसेंबर २०२१ रोजी अशाच उताराच्या वाऱ्यात सुकलेल्या गवताला आग लागली आणि काही तासांत लुईव्हिल, सुपिरियर आणि परिसरातली हजाराहून अधिक घरे जळाली. उलट सप्टेंबर २०१३ मध्ये ओलसर वारे पूर्वेकडून डोंगरावर आदळले आणि वर्षभरात पडतो जवळजवळ तेवढा पाऊस आठवड्यात कोसळला. कितीतरी तळघरांत पाणी शिरले. तेव्हा क्रीकजवळची तळघरातली खोली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नकोस, आणि भाडेकरूचा विमा उतरवायला टाळाटाळ करू नकोस. उन्हाळ्यात डोंगर चढायचा असेल तर पहाटे निघ आणि दुपारच्या आत खाली ये, कारण त्यानंतर विजा पडतात.

एक गोष्ट गावाच्या माहितीपत्रकांत अनेकदा थोडक्यात आटोपली जाते. ही भूमी अरापाहो या आदिवासी लोकांची होती. सोने शोधणारे आले तेव्हा अरापाहोंचा प्रमुख निवॉट याने त्यांच्याशी सलोखा ठेवला. पण २९ नोव्हेंबर १८६४ रोजी सँड क्रीक येथे शायान आणि अरापाहो लोकांच्या वस्तीवर जी कत्तल झाली, ती करणाऱ्यांत बोल्डरजवळच्या फोर्ट चेंबर्समध्ये तयार झालेली तुकडीही होती. निवॉटचे नाव आज रस्त्यांना आणि शेजारच्या एका वस्तीला आहे. ते वाचताना हा इतिहास ठाऊक असावा.

घराचे करार बहुधा ऑगस्टपासून ऑगस्टपर्यंतचे असतात आणि चांगल्या खोल्या कितीतरी महिने आधीच जातात, म्हणून शोध आजच सुरू कर. अनामत रक्कम कोणत्या कारणांनी कापली जाईल, मधेच सोडायचे झाल्यास पोटभाडेकरू ठेवता येईल का, आणि बर्फ पडल्यावर दारापुढचा फुटपाथ कोणी मोकळा करायचा, हे लेखी विचार. बर्फ थांबल्यापासून २४ तासांत तो साफ करावा लागतो, नाहीतर दंड होतो. कराराचा मसुदा हाती आला की सही करण्यापूर्वी मला पाठव, मी वाचून दोन दिवसांत कळवतो.

तुझा शुभचिंतक