गालाच्या आत न दुखणारा पांढरा चट्टा: थांबावं की दाखवावं?
वडील तंबाखू-चुना खातात, त्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा आलाय, पण तो दुखत नाही म्हणून तुम्ही थांबलाय. पण तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. ज्या बाजूला ते तंबाखूचा बार धरतात तो गाल आणि खालचा ओठ उजेडात ओढून बघा. पुसून न निघणारा पांढरा चट्टा दाखवायचाच. लाल, मखमली असेल तर त्याहून लवकर. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, मानेत कडक गाठ, किंवा तोंडात तीन बोटं उभी न जाणं, हेही दाखवायचंच. चट्ट्याला टोकदार दात घासला जात असेल तर आधी तो गुळगुळीत करतात. दोन आठवड्यांत फरक नसेल तर चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात (बायोप्सी). नाशिकला असाल तर सिव्हिल (सरकारी जिल्हा) रुग्णालयाच्या दंत विभागात दाखवा. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही मात्र उगाचची भीती.