मैत्रिणीसाठी रेनेसान्स ड्रेस शिवायचाय? आधी आतला झगा शिव

प्रश्न : ताई, मी उत्साहाच्या भरात मैत्रिणीला शब्द देऊन बसलेय की तुझा रेनेसान्स स्टाइल ड्रेस मी शिवणार, आणि आता झोप उडालीये. तिला दीड महिन्यात एका नाटकात घालायचाय. नेटवर बघितलं तर कुठे काळा कॉर्सेट, कुठे गळ्याला ती मोठी चुण्यांची कॉलर, कुठे खांदे उघडे, सगळ्यालाच रेनेसान्स म्हणतात. मला साधे ड्रेस, ब्लाउज शिवता येतात पण असलं काही कधी केलं नाहीये. त्यात मैत्रीण दुसऱ्या गावात, ट्रायलला एकदाच येणार. भारी ब्रोकेड घेऊन ठेवलंय, मागे चेन लावली तर चालेल ना? सुरुवात कुठून करू?
— शब्द देऊन बसलेली

उत्तर : अगं, सगळ्यात आधी ते ब्रोकेड कपाटात ठेव आणि कात्रीला हात लावू नकोस. रेनेसान्स म्हणजे दोनेकशे वर्षांचा काळ आणि निम्मा युरोप, त्यामुळे एक शहर आणि एक दशक पकड, नाहीतर तू म्हणतेस ती खिचडी होते. ती चुण्यांची मोठी कॉलर, म्हणजे रफ, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. स्कर्टखालचा कड्यांचा सांगाडा, फार्दिंगेल, तो स्पेनमधून आलेला. आणि पांढऱ्या ब्लाउजवरून घातलेला काळा कॉर्सेट हा रेडिमेड कॉस्च्युमवाल्यांचा लाडका प्रकार आहे, त्या काळाशी त्याचा फारसा संबंध नाही.

माझं ऐकशील तर फ्लॉरेन्स, १४८० च्या आसपास. नवख्या हाताला याहून सोपं काही नाही, चोळीत ताठपणासाठी घालायच्या कडक पट्ट्या, म्हणजे हाडं नाहीत, स्कर्टात कडी नाहीत. गिरलांदायोने काढलेलं जोव्हाना तोर्नाबुओनीचं पोर्ट्रेट शोध, माद्रिदच्या थायसन म्युझियममध्ये आहे, चित्रातच १४८८ साल लिहिलंय. चेहरा राहू दे, बाही बघ. बाहीच्या फटींमधून पांढरं कापड फुगून बाहेर आलंय ना, तो आतला झगा, इटालियनमध्ये कमीचा. वरच्या ड्रेसला म्हणायचे गामुर्रा. सगळी मजा त्या पांढऱ्या फुग्यांत आहे आणि लोक नेमके तिथेच कंजुषी करतात, वर हजार टिकल्या लावतात आणि आत स्लीव्हलेस बनियन!

तर आधी कमीचा. लिनन नाहीतर मऊ कॉटन घे, आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच काप (मी एकदा हे टाळलं आणि पहिल्याच धुण्यात बाह्या मनगटावरून निम्म्या हातावर आल्या). कटिंग म्हणजे नुसते आयत. पुढचा, मागचा, दोन बाह्या, आणि काखेत १२ सेंटिमीटरचा एकेक चौकोनी तुकडा, तो विसरलीस तर हात वर केला की काखेत उसवणार. बाही भरपूर रुंद ठेव, ६०-७० सेंटिमीटर, आणि हातापेक्षा वीतभर लांब, कारण तेच कापड फटीतून ओढून फुगवायचंय. गळ्याला आणि मनगटाला चुण्या घालून पट्टी लाव, झालं.

आता चेन. नको गं! आणि फक्त तेव्हा चेन नव्हती म्हणून म्हणत नाहीये, तुझ्या अडचणीवर उपायच नाडीत आहे. ट्रायल एकदाच म्हणतेस ना? चेनला अर्धा इंच इकडेतिकडे चालत नाही, नाडीला चालतं. पुढे नाडी बांधायचा गामुर्रा कर, माप कमीचा अंगात घालून त्याच्यावरूनच घे आणि चोळीचा भाग छातीच्या मापाला ३-४ सेंटिमीटर कमी ठेव, म्हणजे पुढे थोडी फट राहील आणि आतलं पांढरं दिसेल. त्या काळच्या चित्रांत तसंच दिसतं. मैत्रीण मधल्या काळात बारीक झाली की फट मिटेल, जाड झाली की रुंदावेल, तुला काही उसवायला लागणार नाही. चोळी आधी मांजरपाटात शिवून तिला पाठव, टाचण्या लावून फोटो मागव, खरी ट्रायल शेवटी ठेव.

नाडी आपण बुटाला ओवतो तशी फुलीफुलीची नाही, एकच नाडी, एका टोकाला गाठ, नागमोडी ओवत जायची. त्यासाठी भोकं समोरासमोर चालत नाहीत. अंतर अडीच सेंटिमीटर धर, डाव्या बाजूची भोकं उजवीकडच्या दोन भोकांच्या मधोमध येऊ देत, फक्त अगदी वरची आणि अगदी खालची जोडी समोरासमोर. हे चुकलं की नाडी ओढल्यावर एक बाजू वर चढते आणि ड्रेस तिरका दिसतो, मग कितीही इस्त्री करा. भोकांना धातूच्या कड्या, म्हणजे आयलेट, मारू नकोस, ती एकोणिसाव्या शतकातली, स्टेजच्या लाइटमध्ये लगेच चमकतात. दाभणाने कापडाचे धागे बाजूला सारत भोक पाड, धागे कापायचे नाहीत, आणि काजं करतो तसं दोऱ्याने गोल विणून घे. आत जाड लिननचे किंवा कॅनव्हासचे दोन थर हवेत, त्यानेच चोळी ताठ राहते. अगदी १५६२ मध्ये वारलेल्या फ्लॉरेन्सच्या डचेस एलेओनोरा दी तोलेदोचे दफनातले कपडे फ्लॉरेन्सच्या पिट्टी पॅलेसमध्ये जपून ठेवलेत, त्यातल्या लाल मखमली चोळीतही हाडं नाहीत, नुसते पुढे हुक.

घेरासाठी ३ मीटर रुंदीचं कापड घे. वरच्या काठावर १ सेंटिमीटरच्या धावदोऱ्याच्या दोन ओळी घाल, दोन्हीतले टाके एकाखाली एक यायलाच हवेत, मग दोन्ही दोरे एकदम ओढ. साधारण दीडशे नळीसारख्या चुण्या उभ्या राहतील, कंबर ७५ सेंटिमीटर असेल तर सेंटिमीटरला दोन. प्रत्येक नळीचं टोक चोळीला हाताने शिवायचं. मशीनखाली घालायचा मोह होईल, घालू नकोस, चपट्या होतात आणि घेर पडून राहतो. दोन संध्याकाळी जातील त्यात.

बाह्या सुट्याच ठेव, खांद्याला नाड्यांनी बांध. तेव्हाही सुट्याच असायच्या, एका ड्रेसवर बाह्यांचे दोन-तीन जोड. तुझं ब्रोकेड आता काढ कपाटातून, ते फक्त बाह्यांना वापर आणि ड्रेस साध्या लोकरी किंवा जाड कॉटनचा एकाच गडद रंगात कर, महागाचं कापड कमी लागेल आणि सगळ्यांची नजर तिथेच जाईल. कापताना एक बाही उलटी ठेव हं. मी एकदा दोन्ही डाव्या हाताच्याच कापल्या होत्या, अस्तर लावून होईपर्यंत कळलं नाही.

प्रश्न : माझा मित्र त्याच काळातला पुरुष होणार आहे. खाली लेगिंग्ज चालतील का?
— घाईत असलेला

उत्तर : लांबून चालतील. खरी होज, म्हणजे पुरुषांचे पायाला चिकटून बसणारे लांब मोजे, सुयांवर विणलेली नसायची, लोकरी कापड उरेब, म्हणजे तिरकं, कापून पायाच्या आकारात शिवायचे, उरेब कापडाला जो ताण मिळतो त्यावरच ती पायाला बसायची. आणि वर इलॅस्टिक नाही, होज वरच्या डब्लेटला, म्हणजे अंगाला घट्ट बसणाऱ्या आखूड जाकिटाला, नाड्यांनी बांधलेली. वेळ नसेल तर चकाकी नसलेल्या जाड लेगिंग्ज घ्या आणि कमरेला खऱ्या नाड्या बांधा, पण शिवून झाल्यावर मित्राला खाली बसायला, वाकायला सांगा, मागच्या नाड्या तेव्हाच तुटतात, स्टेजवर तुटण्यापेक्षा तुमच्यासमोर तुटू देत.