शाश्वत विकासाच्या सल्लागार समितीचे अध्यक्षपद कोणाला द्यावे : नामवंताला की गावातल्या माणसाला?

आपल्या नगरपरिषदेने शाश्वत विकासासाठी सल्लागार समिती नेमायचे ठरवले आहे आणि अध्यक्ष म्हणून नामवंत शोधावा की स्थानिक माणूस, असे आपण विचारले आहे. नामवंत शोधू नका. इतक्या ठामपणे सांगतो, कारण आमच्या गावच्या जैवविविधता समितीच्या वेळी ती चूक मी स्वतः केलेली आहे आणि तिचे इतिवृत्तही माझ्याच अक्षरात आहे.

जैवविविधता कायदा २००२ चा. तरीही बहुतेक ग्रामपंचायतींत जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावरही नव्हती. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने राज्यांना बजावले की ३१ जानेवारी २०२० पर्यंत समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या (गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद) पूर्ण करा, नाहीतर १ फेब्रुवारीपासून दरमहा १० लाख रुपये भरा. मग सिंधुदुर्गात सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावातही धावपळ उडाली. २००४ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे सात जणांची समिती झाली आणि त्यांच्यातूनच अध्यक्ष निवडायचा होता. सरपंच माझा चुलतभाऊ. “नाव मोठे असले की मंत्रालयातली दारे उघडतात,” हे त्याचे म्हणणे मला तेव्हा पटले आणि मतदारयादीत नाव गावचे, पण बिऱ्हाड पुण्यात असलेल्या एका निवृत्त प्राध्यापकांचे नाव मीच सुचवले.

प्राध्यापक अध्यक्ष झाले, पण लवादाची मुदत संपेपर्यंत एकदाच आले. नोंदवही एका संस्थेकडून छापून आली आणि त्यांनी तिच्यावर पुण्यातच सही केली. ग्रामसभेत ती मी वाचायला घेतली. वृक्षांची यादी चालू असताना, महिलांची एक तृतीयांश संख्या भरावी म्हणून समितीत घेतलेल्या एक वयस्कर बाई मध्येच म्हणाल्या, “आमच्या गावात तिवर खंय इली?” तिवर खाडीकाठच्या खारट चिखलात वाढते आणि आमच्या गावातून समुद्र गाठायचा तर एसटीने दीड तास लागतो. किनाऱ्यावरच्या कुठल्यातरी गावाची यादी जशीच्या तशी आमच्या नावावर उतरवलेली होती. बाईंनी मग भारंगी आणि फोडशी या रानभाज्या कुठे लिहिल्या आहेत ते विचारले. दोन्ही नव्हत्या. मुदतीला चार दिवस उरले होते. चुलतभावाने माझ्याकडे पाहिले आणि मी इतिवृत्तात लिहिले, “नोंदवही सर्वानुमते मंजूर.”

दारे उघडण्याविषयी एवढेच सांगतो. पश्चिम घाटासाठी केंद्राने २०१० मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ गटाचे अध्यक्ष पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ होते; त्यांच्याहून मोठे नाव या विषयात कोणते आणायचे? आणि तो गट बिनकामाचाही नव्हता. ऑगस्ट २०११ मध्ये त्यांनी अहवाल दिला, तो केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने दाबून ठेवला आणि मे २०१२ मध्ये लोकांसमोर आला तो माहिती अधिकाराचा अर्ज, माहिती आयोगाचा आदेश आणि दिल्ली उच्च न्यायालय एवढे सगळे पार करूनच. म्हणजे दार नावाने उघडले नाही, अर्जाने उघडले.

तेव्हा इच्छुकाला आधी विचारा की महिन्यातले किती दिवस तो शहरात असतो. नंतर नगरपरिषदेचा एखादा जुना पर्यावरण अहवाल त्याच्या हातात द्या आणि आठवड्याने त्यातले खोटे काय ते विचारा. ज्याला काहीच खोटे सापडत नाही त्याला हार घालून घरी पाठवा. समितीच्या सल्ल्याला नगरपरिषद ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देईल, असे नेमणुकीच्या ठरावातच लिहून घ्या, नाहीतर अध्यक्ष कोणीही असला तरी फक्त चहा होईल.

नामवंतांत झटून काम करणारे नसतात असे मी म्हणत नाही. त्यांना निमंत्रित तज्ज्ञ म्हणून जरूर बोलवा. जैवविविधता कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली असल्याने मी सांगितलेली समितीची रचना जशीच्या तशी उचलू नका.

त्या जुन्या नियमांप्रमाणे अध्यक्षाची मुदत तीन वर्षांची होती. २०२३ च्या सुरुवातीला मी त्या बाईंचे नाव सुचवले. सहा सदस्य हजर होते, तीन-तीन मते पडली आणि सरपंचाने आपले निर्णायक मत प्राध्यापकांच्या पारड्यात टाकले. प्राध्यापक त्या दिवशीही पुण्यातच होते.