नकाशा बाजूला ठेव, आधी फॅरामिर बघ
अरे, तुझ्या काल्पनिक जगातल्या कथेसाठी नकाशा, राजघराणी, जादूचे नियम सगळं तयार आहे म्हणतोस पण हिरोला नक्की काय हवंय विचारलं की गप्प, तिथेच अडलंय बघ. टॉल्किनने तर भाषासुद्धा बनवल्या, तरी त्याच्या १९५४ च्या ‘द टू टॉवर्स’ (‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा दुसरा भाग) पुस्तकातला सेनानी फॅरामिर लक्षात राहतो तो सगळ्यांना मोहात पाडणारी जादूची अंगठी रस्त्यात पडलेली दिसली तरी घेणार नाही म्हणतो आणि शब्द पाळतो म्हणून. त्यावरच्या २००२ च्या पिक्चरमध्ये तोच, अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोला धरून ऑस्गिलिएथ शहरात नेतो, मग सोडतो. जग तेच, पण माणूस बदलला की सगळा अर्थच बदलला ना! मला पुस्तकातलाच आवडतो, पण पडद्यावर मोह दिसायचा तर कोणीतरी डगमगायला हवं हेही पटतं. उलट टॉम बॉम्बाडिल हे पुस्तकातलं पात्र पिक्चरमधून अख्खं गाळलं तरी कथा चालली.

तू एक सीन घे, त्यातली जगाची सगळी माहिती काढून टाक आणि दोन माणसांमधला ताण उरतो का बघ, उरला तर हळूहळू माहिती परत घाल, पण त्या पात्राला ज्याची भीती वाटते किंवा जे हवंय तेवढीच, बाकीचं वहीत राहू दे, पुढच्या भागात लागेल.