आधी लीज, मग सोलर

ताई, फोटो बघितले. फायलींच्या रॅकवर बादली, आणि वर वासा असा खाल्लाय की बोट लावलं तर भुसा पडेल. बेळगावच्या खडे बाजारातलं जुनं कौलारू ऑफिस, 22 वर्षं तुम्ही भाड्यानं, अ‍ॅग्रीमेंट 11 महिन्यांचं ते केव्हाच संपलेलं, भाडं मात्र चालू. मालक पुण्याला, फोनवर म्हणाले "करा की", आणि तुम्ही सहा लाख घालून वासे बदलणार, खाली इन्सुलेशन, वर सोलर, पागोळीचं पाणी टाकीत, नि खर्च भाड्यातून वळता करणार. विचार चांगलाय, पण आत्ता एक रुपया घालू नका.

कारण सांगतो. 14 चौरस मीटरपेक्षा मोठ्या ऑफिसला कर्नाटकच्या 1999 च्या भाडे कायद्याचं संरक्षण नाही, म्हणजे तुम्हाला लागू होतो तो 1882 चा ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्ट, आणि त्यात तुमच्यासारख्या महिन्या-महिन्याच्या भाडेकरूला 15 दिवसांची नोटीस देऊन बाहेर काढता येतं. उद्या मालकांच्या मुलांनी जागा विकायची ठरवली तर तुमच्या नव्या वाशांचा भावही त्यांनाच मिळेल.

भाड्यातून कापायचं म्हणता, याच 1882 च्या कायद्याच्या कलम 108 मध्ये तशी सोय आहे, व्याजासकट, पण कधी? जी दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे ती नोटीस देऊनही त्यांनी वेळेत केली नाही तरच. कायदा आपणहून छताची दुरुस्ती मालकाच्या गळ्यात घालत नाही, ते अ‍ॅग्रीमेंटमध्ये असावं लागतं, म्हणून जुना कागद आधी शोधा. "करा की" कोर्टात कोण सिद्ध करणार, शिवाय करा म्हणजे पैसे मी देतो असं थोडंच होतं!

म्हणून दहा वर्षांची लीज लिहून घ्या आणि सब-रजिस्ट्रारकडे रजिस्टर करा, एक वर्षावरची लीज रजिस्टर केल्याशिवाय चालत नाही. त्यात कामाची यादी, खर्च, दरमहा किती कापायचं, हे सगळं आकड्यात घाला. पक्कं बांधकाम मालकाच्या संमतीशिवाय करता येत नाही, तेव्हा टाकीसुद्धा लिहा. पॅनेल तुम्ही काढून नेऊ शकता, पण ताबा तुमच्याकडे असेपर्यंतच, किल्ली दिल्यावर नाही, आणि छप्पर होतं तसं करून.

सोलरवाला सबसिडी मिळेल म्हणाला ना? सूर्यघर योजना घरांसाठी आहे, ऑफिसला नाही. हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, मीटर कुणाच्या नावावर आहे तेही बघा, आणि जुन्या लाकडावर पॅनेलचं वजन टाकण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घ्या.

वासे बदलण्याआधी महापालिकेत लेखी विचारा. विनापरवाना काम पाडायचा अधिकार आयुक्तांना आहे, आणि नोटीस कानडीत येते म्हणून आपल्यातले बरेच जण ती टेबलावर तशीच ठेवतात, मुदत निघून जाते, मग माझ्याकडे येतात.

आज मालकांना मेसेज टाका की फोनवर असं बोलणं झालं, लीजचा मसुदा पाठवतोय. तोवर ताडपत्री घाला, तिला कुणाची संमती लागत नाही.