पट्टे पाहून फसू नका

प्रश्न: झेंडूवरच्या मधमाशीचा फोटो पाठवते आहे. मुलगा म्हणतो, ही मधमाशी नव्हेच. कोण बरोबर? – एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, मुलगा जिंकला! पिवळे-काळे पट्टे हे निव्वळ सोंग. फोटो मोठा करून पाहा: मिशा आखूड, पंखांची एकच जोडी, म्हणजे माशीच. आता पंखाची बाहेरची कड बघा. शिरा कडेपर्यंत न पोचता आतच वळून तिला समांतर धावतात, जणू दुसरी किनार. शिवाय मधोमध एक पुसट शीर कुठेच न जुळता अधांतरी संपते. ही सिर्फिडी, म्हणजे फुलांवर घोंगावणाऱ्या माश्यांच्या (हॉवरफ्लाय) कुळाची खास खूण. यातल्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा ही रस शोषणारी कीड फस्त करतात, तेव्हा झेंडूवर फवारणी नको. जात मात्र या फोटोवरून सांगणार नाही. चेहरा नि पाय दिसतच नाहीत. बाजूनेही एक फोटो काढा.